सैजाचा रेडा आणि पारुक वाडी

जावा बेटाच्या पश्चिम टोंकाला बांतेन नांवाचा प्रांत आहे, आणि त्यांत लेबाक हा डोंगराळ व गरीब जिल्हा. युरोपांतील वाचकांस १८६० सालीं या जिल्ह्याचें नांव माहीत झालें तें 'मॅक्स हॅवेलार' या डच कादंबरीमुळें. तिचा कर्ता एदुआर्द डौवेस डेक्कर हा १८५६ च्या जानेवारींत असिस्टंट रेसिडेंट म्हणून लेबाकांत आला. तेथील देशी अधिपतीवर रयतेच्या लुबाडणुकीचा आरोप त्यानें ठेवला. वरिष्ठांनीं त्याची बाजू घेतली नाहीं. आणि एप्रिलांत राजीनामा देऊन तो मोकळा झाला. पुढें 'मुल्ताटुली' या टोपणनांवाखालीं त्यानें हा ग्रंथ लिहिला. ग्रंथाच्या सर्वांगाचें परीक्षण करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांत सैजा आणि अदिंदा यांची जी लहानशी कथा आली आहे, ती तेवढी घेऊन तिच्याशेजारीं अहमद तोहारी यांची 'रोंगेंग दुकुह पारुक' ही तीन भागांची इंडोनेशियन कादंबरी (१९८२, १९८५ व १९८६) आम्हीं ठेवणार आहों. दोहोंमध्यें सव्वाशें वर्षांचें अंतर आहे. परंतु खेड्यांतील माणसाचा जीव आणि त्याची चीजवस्तु कोणाच्या हातीं असते, हा प्रश्न दोन्ही ठिकाणीं एकच आहे, आणि तो दोघांपैकीं कोणाला किती खोल दिसला, हें ताडून पाहण्याजोगें आहे.

सैजाचा बाप बादुर गांवचा शेतकरी. त्याच्याजवळ नांव घेण्यासारखें एकच धन, तें म्हणजे नांगराचा रेडा. परगण्याच्या अधिकाऱ्यानें तो नेला. बापानें वाडवडिलांपासून चालत आलेली क्रिस, म्हणजे कट्यार, २४ गिल्डरांस विकून दुसरा रेडा घेतला, तोही गेला. मग बायकोच्या माहेरून आलेले मच्छरदाणीचे रुप्याचे आंकडे १८ गिल्डरांस विकून त्यानें तिसरा रेडा आणिला. या तिसऱ्यानें पोराला वाघाच्या तोंडून वांचविलें. वाघापुढें टिकलेला हा रेडाही अधिकाऱ्यापुढें टिकला नाहीं. तो ओढून नेला गेला व कापला गेला. चौथ्यासाठीं विकावें असें घरांत कांहींच उरलें नव्हतें. आई खंगून मेली. बाप शेतसारा देववेना म्हणून परवान्यावांचून जिल्हा सोडून पळाला, धरला गेला, फटके खाऊन परत आणिला गेला, आणि थोड्याच काळांत तोही गेला.

ही हकीकत वाचतांना आमच्या मनावर ठसला तो तिच्यांतील हिशेब. किंमत किती, वस्तु कोणती, ती कोणाकडून आलेली, हें सारें ग्रंथकार वहींत टिपल्यासारखें सांगतो, आणि वस्तूंचा क्रमही पाहण्याजोगा आहे. प्रथम पुरुषाचें शस्त्र जातें, नंतर बायकोच्या शेजेचें लेणें जातें. म्हणजे आब आधीं आणि संसार मागून. आपली कथा एकसुरी आहे अशी क्षमा ग्रंथकारानें वाचकांपाशीं मागितली आहे, पण हा एकसूर हेंच तिचें बळ होय. एकच रेडा गेला असता तर तें दुर्दैव झालें असतें. तीन गेले म्हणजे ती राज्यपद्धति ठरते. कथेनंतर ग्रंथकार स्वतः पुढें येऊन सांगतो कीं सैजा-अदिंदांची प्रीति आपण कल्पिली असली तरी चोरी कल्पिलेली नाहीं, आणि पारांग-कुजांग या एका परगण्यांत एका महिन्यांत ३२ माणसांचे ३६ रेडे नेल्याची यादी आपणांपाशीं आहे. कादंबरींत असा कागद पुढें करणें कलेच्या दृष्टीनें अप्रशस्त, असें म्हणणारे टीकाकार निघतील. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या वाङ्मयाला आपल्या पुराव्याची लाज वाटत नाहीं, तें आम्हांस प्रिय आहे.

बापाला पळवून लावणारा हा शेतसारा जावांत कोणी आणिला, हें मराठी वाचकांस ठाऊक असणें बरें. १८११ पासून १८१६ पर्यंत तें बेट इंग्रजांच्या ताब्यांत होतें, आणि त्या वेळचा लेफ्टनंट गव्हर्नर रॅफल्स यानें १८१३ त जमिनीवर रोख सारा बसविण्यास प्रारंभ केला. त्याच्या डोळ्यांपुढें हिंदुस्थानांतील, विशेषतः मद्रासकडील, रयतवारीचे प्रयोग होते. पुढें तीच रयतवारी आमच्या दक्खनेंतही आली, आणि १८७५ त पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांच्या वह्या जळाल्या त्याच्या कारणांत रोख साऱ्याचा वांटा होताच. बादुरचा शेतकरी आणि आमचा शेतकरी हे अशा रीतीनें एकाच दप्तराचे कुळवाडी ठरतात!

जावांतील खेड्यास स्वतःचा बंदोबस्त नव्हता असें मात्र कोणीं समजूं नये. गांवच्या तोंडाशीं चौकीची लहानशी खोपी, आळीपाळीनें रात्रीची गस्त, आणि लांकूड वा बांबू पोखरून केलेलें केंतोंगान हें टांगतें वाद्य, ही व्यवस्था तेथें जुनी आहे. चोरी, आग किंवा खून झाला कीं हें वाद्य न थांबतां भराभर बडवावयाचें, आणि तो नाद ऐकून सगळ्या गांवानें धांवावयाचें, असा रिवाज. पण परगण्याचा अधिकारीच दिवसाढवळ्या दारांत उभा राहिला तर केंतोंगान कोणीं वाजवावें आणि कोणासाठीं? चोराविरुद्ध गांव जागें राहूं शकतें. धन्याविरुद्ध त्याला झोंपेचें सोंग घ्यावें लागतें. मुल्ताटुलीला हें पक्कें कळलें होतें. त्याच्या ग्रंथांत तक्रारदार हॅवेलारच्या बंगल्यावर येतात ते रात्रीं, मागच्या रानटलेल्या घळींतून, आणि त्यांना ती वाट राहावी म्हणून तो आवारांतील साप-किरड्याचें रान तसेंच राहूं देतो. दुसरे दिवशीं अधिपतीच्या समोर उभें केलें कीं तेच लोक आपली तक्रारच नाहीं म्हणून सांगतात. असुरक्षितता म्हणजे काय, हें या एका घळीनें जितकें कळतें तितकें सैजाच्या लांबलचक विलापगीतांनीं कळत नाहीं. तीं गीतें आम्हांस ओढून आणलेलीं वाटलीं. बाताव्ह्यांत चाकरी करून तीन वर्षांनीं ३० स्पॅनिश डॉलर कमरेला बांधून सैजा परत येतो, आणि ठरल्या झाडाखालीं अदिंदाची वाट पाहातो, एवढें पुरे होतें. ती येणार नाहीं हें वाचकाला आधींच कळलेलें असतें, कारण तिच्याही बापाचा रेडा होताच. पुढें लांपुंगांत डच सैन्यानें नुकत्याच जिंकलेल्या व जळत असलेल्या गांवांत तिचें प्रेत सांपडणें आणि त्यानें संगिनींवर देह टाकणें हा शेवट आम्हीं मान्य करतों. मात्र त्यांत रंग अंमळ भडक झाला आहे.

खरा दोष दुसरा आहे. सैजाचा बाप या कथेंत जवळजवळ बोलतच नाहीं. बोलतो तो हॅवेलार. गांवावर अन्याय देशी अधिपतीनें करावा आणि त्याचें निवारण गोऱ्या अंमलदारानें करावें, अशी ही मांडणी आहे, आणि अधिपतीला इतका हात मोकळा कोणाच्या राज्यव्यवस्थेनें दिला हा प्रश्न, ग्रंथकाराला टोंचत असूनही, हॅवेलारच्या उदात्त मुद्रेमागें वारंवार झांकला जातो. रॉब न्यूवेनहाउस यांनीं 'लेबाकची दंतकथा' या अर्थाच्या आपल्या डच ग्रंथांत (१९८७) डेक्करवर असा आक्षेप घेतला कीं अधिपति व रयत यांच्यामधील रूढीचें नातें त्याला समजलेंच नाहीं. आक्षेपांत तथ्य आहे, पण आम्हांस तो पुरता पटत नाहीं. रूढीनें दिलेली भेट आणि धाकानें सोडलेली वस्तु यांतला फरक परक्याला न कळणें शक्य आहे. ज्याचा तिसरा रेडा गेला त्याला तो कळत होता, आणि रात्रीच्या त्या घळीचा उलगडा रूढीनें होत नाहीं.

आतां तोहारींकडे वळूं. ते स्वतः मध्य जावांतील बान्यूमास भागांत १९४८ त जन्मलेले. त्यांची पारुक वाडी म्हणजे भातखाचरांच्या मधोमध तेवीस घरांची वस्ती. कोणा एका जुन्या दरोडेखोराला मूळपुरुष मानून त्याच्या थडग्याला नवस करणारी, निरक्षर आणि उपाशी, पण रोंगेंग नर्तिकेच्या नाचावर जीव टाकणारी. तिच्यापासून रेडा हिसकावून नेण्यासाठीं कोणी येत नाहीं, कारण न्यावें असें तिच्यापाशीं नाहींच. पहिला घाव घरांतूनच येतो. खोबऱ्याचा चोथा आंबवून केलेलें 'तेंपे बोंगक्रेक' हें गरिबाचें खाणें खाऊन वाडींतले पुष्कळ लोक एका दिवसांत मरतात. विकणाऱ्यावर विष घातल्याचा आळ येतो, तेव्हां तो आपला माल सर्वांदेखत स्वतः खातो आणि मरतो. नायिका स्रिंतिल ही त्याचीच मुलगी. (चोथ्यांत वाढणाऱ्या एका जंतूपासून हें विष होतें, हें डच शास्त्रज्ञांनीं १९३० नंतरच्या दशकांतच शोधिलें होतें; वाडीला त्याचा पत्ता नव्हता.) दारिद्र्य माणसाला कसें मारतें याचें इतकें निर्विकार चित्र आम्हीं फार थोड्या कादंबऱ्यांत पाहिलें आहे.

आणि मग मच्छरदाणी पुन्हां येते. स्रिंतिल रोंगेंग होण्यापूर्वीं तिच्या कौमार्याचा लिलाव व्हावयाचा असतो. या विधीला 'बुकाक क्लांबू' म्हणतात, म्हणजे मच्छरदाणी उघडणें. किंमत एक सोन्याचें नाणें. एक उमेदवार तें घेऊन येतो. दुसरा तें जमेना म्हणून घरची म्हैस ओढून आणतो. सैजाच्या बापानें मच्छरदाणीचे आंकडे विकून जनावर आणिलें; येथें जनावर देऊन मच्छरदाणी उघडली जाते. तोहारींना डच कथा आठवत होती असें आम्हीं म्हणत नाहीं. परंतु पहिल्या खेड्यांत राज्य मालमत्ता खातें, आणि दुसऱ्यांत मुलगीच मालमत्ता होते. विशेष हें कीं लिलाव करणाऱ्यांस तोहारी राक्षस करीत नाहींत. तीं आजूबाजूचीं साधीं माणसेंच राहतात, आणि वाचकाला सोयीस्कर संताप मिळत नाहीं.

पुढें स्रिंतिलच्या अंगावर सोनें येतें, आणि वाडीच्या इतिहासांत प्रथमच दरोडेखोरांना तेथें येण्याचें कारण मिळतें. त्यांचा निकाल लावतो तो तिचा बालमित्र रासुस, जो तोंवर लष्कराच्या आश्रयास गेलेला असतो. म्हणजे बंदूक वाडीची रक्षक ठरते. दुसऱ्या भागांत तीच बंदूक फिरते. मूळपुरुषाच्या थडग्याची नासधूस होते, जवळ एक हिरवी बांबूची टोपी सांपडते, वाडी संतापते, आणि तिच्या अज्ञानाचा फायदा घेणाऱ्या पक्षाच्या निशाणाखालीं नाचूं लागते. तो पक्ष कम्युनिस्ट आहे याचा अर्थ काय, हें कोणालाच ठाऊक नसतें. १९६५ च्या सप्टेंबरअखेरच्या घटनांनंतर देशभर कत्तली झाल्या. मेलेल्यांचा आंकडा पांच लक्ष वा त्याहून अधिक, असा सर्वसाधारण अंदाज आहे. आपण निरपराध आहों हें सांगण्यासाठीं ही भोळी माणसें आपण होऊन पोलिसांकडे जातात आणि तेथेंच अडकतात. वाडी जाळली जाते. बादुरच्या लोकांना तक्रार लपवून न्यावी लागे. यांना आपलें निरपराधीपणही उघडपणें नेतां आलें नाहीं.

तोहारींचा दोष हॅवेलारच्या दोषाचाच सख्खा भाऊ आहे. पहिल्या भागांत रासुस बोलतो. पुढें निवेदन बहुतांशीं लेखक आपल्याकडे घेतो, तेव्हां पानेंच्या पानें पक्षी, धुकें आणि भाताच्या लोंब्या यांत जातात. वर्णनें सुंदर आहेत, पण जळालेल्या वाडीवर त्यांचा भार होतो. आणि उद्धारक पुन्हां गणवेशांतलाच!

दोन्ही ग्रंथांवर कात्री चालली, हेंही नोंदलें पाहिजे. 'मॅक्स हॅवेलार'च्या पहिल्या आवृत्तींत फान लेन्नेप या संपादकानें स्थळांचीं नांवें व सालें काढून त्या जागीं टिंबें घातलीं. ग्रंथकाराला तीं १८७५ च्या आवृत्तींत परत घालतां आलीं. तोहारींचा वगळलेला मजकूर सुहार्तोंचा अंमल गेल्यावर, २००३ च्या आवृत्तींत आला. लेबाकच्या रांग्कासबितुंग गांवीं २०१८ त मुल्ताटुलीचें संग्रहालय उघडलें, आणि तेथें ग्रंथकाराच्या बरोबर सैजा व अदिंदा यांचेही पुतळे आहेत. पारुक वाडी हें कल्पित स्थळ असल्यामुळें तिला पुतळा मिळण्याचा संभव नाहीं. स्रिंतिल शेवटीं वेडी होते, रासुस तिला इस्पितळांत नेतो आणि वाडीसाठीं कांहीं करण्याचा निश्चय करतो. हा निश्चय तोहारींनीं लिहिला नसता तर बरें होतें. त्या खोलीचें दार लागलें तेथेंच कादंबरी संपली होती.