शिक्षणतज्ज्ञाचे मंत्रिपद : रँग्लर र. पु. परांजपे यांच्या शिक्षणविषयक कारकिर्दीचे पुनर्मूल्यांकन

प्रास्ताविक

शिक्षणखाते शिक्षणतज्ज्ञाच्या हाती असावे, अशी अपेक्षा अध्यापकवर्गात नेहमीच व्यक्त होते. महाराष्ट्रात ही अपेक्षा शंभर वर्षांपूर्वी एकदा पूर्ण झाली होती. १९२१ ते १९२३ या काळात रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री होते. त्यांच्या गणितातील यशाचे आपण अभिमानाने स्मरण करतो. मंत्रिपदाची चिकित्सा मात्र क्वचितच होते. प्रस्तुत लेखात १९२३ सालच्या दोन निर्णयांच्या आधारे ती करण्याचा प्रयत्न आहे.

मंत्रिपदापूर्वीची वाटचाल

दापोलीजवळील मुर्डी या गावी १८७६ मध्ये जन्मलेले परांजपे १८९९ साली केंब्रिज येथे सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. १९०२ पासून त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचेही ते पहिले कुलगुरू झाले. बुद्धिवाद आणि नेमस्त राजकारण या त्यांच्या दोन निष्ठा होत्या. स्वार्थत्यागी सुशिक्षितांनी चालविलेली लोकसंस्था किती भरीव कार्य करू शकते, याचा अनुभव त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीत घेतला होता. त्यांच्या पुढील धोरणामागे हा अनुभव असावा, असे मानण्यास जागा आहे.

दोन निर्णय

१९१९ च्या सुधारणांनुसार शिक्षण हे ‘सोपीव’ खाते होते, तर वित्त ‘राखीव’ होते. म्हणजे कायदेमंडळात उत्तर देण्याची जबाबदारी मंत्र्यावर होती आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या हाती होती. या चौकटीत १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा संमत झाला. त्याने प्राथमिक शाळांचा कारभार नगरपालिका व जिल्हा लोकल बोर्डांच्या शाळामंडळांकडे सोपविला आणि सक्तीच्या शिक्षणाच्या योजना आखण्याचे काम त्यांच्यावर टाकले. गोखले यांचे १९११ चे विधेयक आणि विठ्ठलभाई पटेल यांचा १९१८ चा कायदा यांचाच हा पुढचा टप्पा होता. तथापि सरकारी आर्थिक ओढाताणीमुळे सक्तीच्या योजना फारशा पुढे सरकल्या नाहीत. सत्तांतर झाले, सक्ती मात्र कागदावर राहिली.

त्याच वर्षी सरकारने दुसरा ठराव काढला. अस्पृश्य मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या अनुदानित शिक्षणसंस्थांना अनुदान मिळणार नाही, असे त्यात जाहीर करण्यात आले. यासाठी नव्या खर्चाची गरज नव्हती. चालू अनुदानाला एक अट जोडावयाची होती. अनुदान हे सामाजिक न्यायाचे साधन होऊ शकते, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

चिकित्सा

हे दोन्ही निर्णय स्वतंत्रपणे पाहिले तर पुरोगामी वाटतात. एकत्र ठेवले की त्यांतील विसंगती दिसते. दुसऱ्या निर्णयाने ज्या मुलांसाठी शाळेचे दार उघडावयाचे होते, त्यांच्या गावातील शाळा पहिल्या निर्णयाने स्थानिक वर्चस्ववाद्यांच्या हाती जाण्याचा धोका होता. हा आक्षेप आजच्या दृष्टीने मागे वळून घेतलेला नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनला सादर केलेल्या निवेदनात तो स्पष्टपणे मांडला आहे. हा कायदा रद्द करून शाळामंडळांकडे होणारे हस्तांतर थांबविल्याखेरीज अस्पृश्यांच्या शिक्षणाची पीछेहाट टळणार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

परांजपे यांच्या बाजूने असे म्हणता येईल की, लोकशाहीवादी मंत्र्याने लोकनियुक्त संस्थांवर विश्वास ठेवू नये तर कोणावर ठेवावा? युक्तिवाद वजनदार आहे. परंतु फर्ग्युसनच्या आजीव सदस्यांचे मंडळ आणि तालुक्याच्या गावातील शाळामंडळ यांत मोठे अंतर होते. एक स्वेच्छेने स्वीकारलेल्या व्रतावर उभे होते, तर दुसरे गावातील जात व जमीन यांच्या सत्तासंबंधांवर. परांजपे यांचा हेतू शुद्ध होता. पण स्वतःच्या संस्थेतील अनुभव त्यांनी समाजाचा अनुभव मानला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पुढे १९३८ च्या दुरुस्तीने शाळामंडळांचे अधिकार कमी झाले आणि १९४७ मध्ये नवा कायदा आला.

आजचा संदर्भ

उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर या पट्ट्यातील अध्यापकांना हा इतिहास दूरचा वाटू नये. उल्हासनगरात महानगरपालिकेच्या, तर अंबरनाथ-बदलापूरभोवतालच्या खेड्यांत जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा आहेत. त्यांतील विद्यार्थी पुढे आपल्याच महाविद्यालयांत येतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने स्थानिक प्राधिकरणांवर मोठी कर्तव्ये सोपविली. २०१३ मध्ये मात्र राज्याने कायद्यात दुरुस्ती करून महापालिका व नगरपालिकांची शिक्षण मंडळे मोडीत काढली. शाळा कोणाच्या ताब्यात असावी, हा १९२३ चा प्रश्न अजून सुटलेला नाही.

समारोप

परांजपे यांची कारकीर्द अपयशी ठरविणे अन्यायाचे होईल. अधिकार अपुरे असतानाही अनुदानाच्या अटीसारखे साधन त्यांच्या काळात वापरात आले. तरीही त्यांच्या उदाहरणावरून एक निकष हाती लागतो. तज्ज्ञ मंत्र्याचे धोरण तत्त्वतः योग्य आहे का, एवढेच पाहून भागत नाही; ते कोणाच्या हातून राबणार आणि सर्वांत दुर्बल मुलाचे त्या हातांखाली काय होणार, हेही विचारले पाहिजे. समित्यांवर बसून धोरणांविषयी अभिप्राय देणाऱ्या आपल्या वर्गानेही हाच निकष स्वतःला लावणे उचित ठरेल.