तारण, साक्ष, करार : रोजच्या प्रार्थनेची मराठी

तुकोबांची पालखी देहूहून निघाली की लोणी काळभोर, यवत, वरवंड असे मुक्काम करत दौंड तालुका ओलांडते. उंडवडी गवळ्याचीहून ती बारामतीत येते, मग सणसर, निमगाव केतकी, इंदापूर आणि पुढे सराटीला नीरेच्या काठावर. या वाटेवर वरवंडपासून थोड्याच अंतरावर केडगाव आहे. पालखी केडगावात जात नाही, पण टाळांचा आवाज ऐकू येईल इतपत भागातून ती जाते. याच केडगावात पंडिता रमाबाईंनी ‘मुक्ती’ उभारली आणि आयुष्याची शेवटची वर्षं एका कामात घातली : मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून आख्खं बायबल मराठीत आणणं.

मी इंदापूर तालुक्यातल्या एका ख्रिस्ती घरात वाढलो. आमच्याकडे पहाटे आजी शास्त्र वाचायची. ‘बायबल’ हा शब्द तिच्या तोंडी क्वचितच असायचा. वाचून झालं की डोळे मिटून प्रार्थना. या प्रार्थनेत पाऊस, म्हशीचं दुखणं, उसाचं थकलेलं बिल आणि शेजारच्या घरातलं भांडण असं सगळं यायचं. वाचताना तिची भाषा एक असे आणि प्रार्थनेत निराळीच. वाचताना ती अडखळायची. प्रार्थना करताना मात्र कधीच नाही.

हे अंतर कुठून आलं, याचा शोध घेताना मराठी ख्रिस्ती साहित्यातल्या तीन माणसांपाशी यावं लागतं. रेव्हरंड नारायण वामन टिळक, पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक. तिघांपुढे प्रश्न एकच होता. परक्या भूमीतून आलेला ग्रंथ मराठी माणसाने रोज सकाळी उठून कोणत्या शब्दांत जगायचा? तिघांनी तीन उत्तरं दिली.

टिळकांचा पूल

ना. वा. टिळकांचा जन्म 1861चा, बाप्तिस्मा 1895चा. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशा अर्थाचं ते सांगत. त्यांच्या ‘अभंगांजली’कडे पाहिलं तर हे नुसतं बोलणं नव्हतं हे कळतं. अभंगाचा छंद, संतांची लडिवाळ जवळीक, देवाला ‘तू’ म्हणणं, त्याच्यावर रुसणं, हे सगळं त्यांनी ख्रिस्तभक्तीत आणलं. ‘उपासना संगीत’ हाती घेऊन रविवारी गाणाऱ्या मंडळ्यांमध्ये आजही टिळकांची पदं तोंडपाठ असतात. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यापर्यंत धर्म पोचला तो गाण्यातून. आजीला पवित्र शास्त्रातले संदर्भ आठवत नसत, टिळकांची पदं मात्र पुस्तक न उघडता येत.

कवी म्हणून टिळकांचं यश निर्विवाद आहे. तरी त्यांचा पूल कुणासाठी आहे, हे विचारायला हवं. टिळक चित्पावन ब्राह्मण घरातून आले. तुकोबांकडे जाण्याची वाट त्यांना कुणी अडवलेली नव्हती. पुणे, नगर, सोलापूर या पट्ट्यातले बहुसंख्य ख्रिस्ती मात्र महार-मांग वस्त्यांमधून आलेले. त्यांच्या पूर्वजांना पंढरपूर माहीत होतं ते चोखोबांच्या समाधीइतकंच, म्हणजे देवळाबाहेर, पायरीशी. विठ्ठलाचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना 1947मध्ये उपोषण करावं लागलं. टिळक त्याआधी अठ्ठावीस वर्षं, 1919मध्ये वारले होते. म्हणजे टिळक ज्या परंपरेला पूल म्हणत होते, तिच्या मुख्य देवळात त्यांच्या बरोबर रविवारी गाणाऱ्यांना तेव्हा पाऊल ठेवता येत नव्हतं.

याचा अर्थ टिळकांनी अभंग लिहायला नको होते, असा नाही. चोखोबाही अभंगच लिहीत होते, आणि त्यांच्या अभंगात तक्रार होती. टिळकांच्या भक्तीत ओढ आहे, आर्जव आहे, विरह आहे. जाब विचारणं त्या मानाने कमी आहे. स्तोत्रसंहितेत मात्र माणसं देवाला जाब विचारतात, तो झोपला आहे का म्हणून ओरडतात. अभंगाच्या गोडव्यात हा ओरडा मवाळ होतो. रोजच्या प्रार्थनेला गोडवा लागतो हे खरं, पण ज्याच्या घरात रोज सकाळी प्रश्नच उभे असतात त्याला ओरडण्याचीही सोय हवी.

रमाबाईंची उघडी खोली

रमाबाईंची वाट उलट दिशेने जाते. त्यांच्याइतकं संस्कृत येणारी बाई तेव्हा महाराष्ट्रात दुसरी नव्हती. 1878मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. 1883मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनीच लिहून ठेवलं की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो त्यानंतर आठेक वर्षांनी मिळाला. हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. धर्म बदलणं एका दिवसाचं काम असतं. तो जगणं हे रोज वाचत, प्रार्थना करत, चुकत-माकत हळूहळू घडतं.

ती रोजची प्रार्थना सार्वजनिक वादाचा विषय झाली. 1889मध्ये मुंबईत सुरू झालेलं शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आलं. विधवांच्या या शाळेत धर्मप्रचार होणार नाही, असं ठरलेलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि खोलीचं दार उघडं असे. काही मुली आपण होऊन तिथे येऊन बसू लागल्या. झालं, पुण्यात गदारोळ उठला. ‘केसरी’ने टीका केली आणि 1893मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळ बाजूला झालं. दार बंद करून घ्या, एवढाच प्रश्न होता असं म्हणणं सोपं आहे. पण ज्या बाईचं अख्खं आयुष्य कुणी ना कुणी तिच्यासमोर दार लावण्यात गेलं होतं, ती स्वतःच्या प्रार्थनेवर दार लावायला तयार नव्हती. पालकांची भीतीही खोटी नव्हती. आपल्या मुलीचा धर्म बदलेल ही शंका कुणालाही येईल. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, म्हणूनच तो प्रसंग आजही टोचतो.

1896-97च्या दुष्काळानंतर रमाबाई केडगावच्या माळावर आल्या. त्या स्वतः 1870च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गमावलेल्या. काही वर्षांतच मुक्तीत शेकडो बायका-मुली जमल्या, पुढच्या दुष्काळानंतर हा आकडा दोन हजारांच्या आसपास गेला. आता त्यांच्यासमोरची वाचक ठरली होती : नुकतीच अक्षरं शिकलेली, भुकेतून वाचलेली मुलगी. प्रचलित मराठी बायबल तिला कळत नव्हतं. 1811मध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरींनी नवा करार मराठीत छापला तेव्हापासून भाषांतरं सुधारत आली होती, पण त्यांत पंडिती शब्दांची भर मोठी होती. शिवाय, त्या संस्कृत शब्दांबरोबर जुन्या तत्त्वज्ञानाचे अर्थही आत येतात, असं रमाबाईंना वाटत होतं. त्या शब्दांच्या आत काय आहे, हे त्यांच्यापेक्षा कुणाला जास्त ठाऊक असणार? म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या मराठीत भाषांतर सुरू केलं. मुक्तीतल्या बायकांनीच खिळे जुळवले, छपाई केली. 5 एप्रिल 1922ला रमाबाई वारल्या. संपूर्ण बायबल 1924मध्ये बाहेर पडलं.

ते फारसं रुळलं नाही. मंडळ्यांमध्ये बायबल सोसायटीचंच भाषांतर राहिलं. कारण उघड आहे. रमाबाईंनी शब्द सोपे घेतले, पण मूळ भाषेशी इमान राखण्याच्या ध्यासात वाक्यांची ठेवण अवघड झाली. प्रत्येक शब्द ओळखीचा, तरी वाक्य परकं वाटतं. ही त्यांची चूक मानायची तर मोठ्या माणसाची चूक आहे : त्यांना वाचकावर विश्वास होता, मराठीच्या लयीवर तेवढा नव्हता.

पण त्यांचं तत्त्व मला पटतं. ते कुठे अडतं तेही पाहण्यासारखं आहे. संस्कृतापासून पळू पाहणाऱ्या या बाईने आपल्या संस्थेचं नाव ठेवलं ‘मुक्ती’. आज मंडळ्यांमध्ये वचन वाचून त्यावर विचार करण्याला ‘मनन’ म्हणतात आणि तो शब्द थेट श्रवण-मनन-निदिध्यासनातला आहे. भाषा धुऊन कोरी करता येत नाही.

बाजारातले शब्द

गंमत अशी की मराठी ख्रिस्ती भाषेतले सगळ्यात जिवंत शब्द देवळातून आलेच नाहीत, वेदान्तातूनही नाहीत. ‘करार’ घ्या. जुना करार, नवा करार. हा शब्द जमिनीच्या कागदावर आणि साखर कारखान्याच्या ऊसतोडणीच्या व्यवहारातही आहे. ‘साक्ष’ कोर्टात देतात, आणि रविवारी मंडळीसमोर उभं राहून आपल्यावर देवाची कृपा कशी झाली हे सांगणं तीही साक्षच. ‘तारण’ तर बारामतीत पतसंस्थेच्या पाटीवर दिसतं : सोने तारण कर्ज. लहानपणी मला वाटायचं, आपण देवाकडे गहाण आहोत. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘मग काय, त्यानं सोडवून घेतलं की आपल्याला.’ एवढं नेमकं स्पष्टीकरण नंतर मला कुठल्या प्रवचनातही मिळालं नाही.

या शब्दांत रोजचं जगणं आधीच भरलेलं आहे. कर्ज, खटला, करारनामा हे अनुभव या भागातल्या माणसाला कळतात. शिवाय इथल्या दलित ख्रिस्ती माणसाला कागदाचा धसका वेगळाच आहे. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. जात गावात टिकून राहते, दाखल्यावरून मात्र पुसली जाते. सकाळी कुणाचं नाव घ्यायचं आणि अर्जावर काय लिहायचं, हा प्रश्न ज्याला पडतो त्याच्यासाठी ‘साक्ष’ नुसता भाविक शब्द राहत नाही.

लक्ष्मीबाईंचं उत्तर

तिसरं उत्तर देणारीने आपण उत्तर देतोय असं कधी म्हटलंच नाही. लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांचं जग कोसळलं. पुढची काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या आणि 1900मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या बाईने विचार करकरून, एके दिवशी स्वतःशीच ठरवलं की आता कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं. ‘स्मृतिचित्रे’मधला हा बदल वाचताना लक्षात येतं की इथे प्रवचन नाही, वचनांचा मारा नाही. श्रद्धा एका पेल्यातल्या पाण्यावर येऊन ठेपली आहे.

‘स्मृतिचित्रे’कडे आपण विनोदी, खमंग आत्मचरित्र म्हणून पाहतो. मला ते रोजच्या श्रद्धेचं मराठीतलं सर्वांत चांगलं गद्य वाटतं. त्यात देवाबद्दलचं बोलणं घरातल्या गोंधळातून, रुसव्याफुगव्यातून, घरी आणलेल्या परक्या पोरांमधून येतं. टिळकांची लय आणि रमाबाईंचा साधेपणा इथे एकत्र आला आहे, कारण ही बाई बोलते तशी लिहिते. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ही त्यांनीच पुरं केलं, पण आज वाचावं ते त्यांचं गद्य.

फोनवरचं वचन

आता आपल्याकडे येऊ. आजीचं काळ्या बांधणीचं शास्त्र कपाटात आहे. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी सहाला सूर्योदयाच्या चित्रावर एक वचन येतं. सगळ्यात जास्त वेळा येणारं वचन यिर्मया 29मधलं आहे : देवाच्या मनात आपल्याबद्दल भल्याचे बेत आहेत, अशा आशयाचं. परीक्षा, नोकरी, लग्न, कशालाही चालतं. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

एकदा तो अख्खा अध्याय उघडा. ते पत्र आहे, बाबेलला बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेलं. लवकर सुटाल असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, असं त्यात आहे. घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. सुटायला सत्तर वर्षं लागतील. भल्याच्या बेतांचं ते वाक्य या सत्तर वर्षांनंतर येतं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते दिवस दिसणारच नव्हते. सूर्योदयाच्या चित्रावर एवढं मावत नाही.

फोनला नावं ठेवायचा माझा इरादा नाही. रमाबाईंना छापखाना लागला, आज केडगावच्या पोरीला खिशात चार भाषांतरं शेजारी शेजारी ठेवता येतात. हे सुख त्यांना मिळालं असतं तर त्यांनी काय केलं असतं! तक्रार तुकड्याची आहे. वचन कापून दिलं की ते गोड होतं, आणि गोड झालं की आपल्याकडून काही मागत नाही. अध्याय मागतो. शेजाऱ्याच्या गावासाठी प्रार्थना कर म्हणतो, सत्तर वर्षं थांब म्हणतो.

म्हणून मनन करायचं तर अध्याय आख्खा वाचावा, मोठ्याने, आपल्या बोलीत. जिथे वाक्य अडेल तिथे थांबावं, कारण बहुधा तिथेच काहीतरी आपल्याला पटत नसतं. मग स्वतःच्या शब्दांत बोलावं. गाणं हवं तर टिळक आहेत, जाब विचारायचा तर स्तोत्रं आहेत, आणि हसू आलं तर लक्ष्मीबाई आहेत.

आजी शेवटच्या वर्षांत फारसं वाचू शकत नव्हती. पालखी इंदापुरात आली त्या दिवशीची तिची प्रार्थना मला आठवते. नेहमीसारखी पावसापासून सुरू झाली, उसाच्या बिलावर आली आणि मग ती म्हणाली, ‘आन् त्या चालणाऱ्यांच्या पायांला बरं वाटू दे.’ यिर्मयाचा तो अध्याय तिला माहीत होता की नाही, मी कधी विचारलं नाही.