झेड७९.२ : एका कोडवर किती भिस्त ठेवायची?

समजा, तुमचा प्रश्न असा आहे : दीर्घकाळ अँटिबायोटिक घेणाऱ्या रुग्णांना औषधाला दाद न देणारे जंतुसंसर्ग जास्त होतात का? हाताशी मिमिक-४ आहे, म्हणजे बोस्टनमधल्या एका रुग्णालयाच्या नोंदींचा डेटा. ठरलेलं प्रशिक्षण घेऊन करारावर सही केली की तो भारतात बसूनही वापरता येतो. त्यातल्या निदानांच्या तक्त्यात तुम्हाला झेड७९.२ हा कोड सापडतो. अर्थ : 'अँटिबायोटिकचा दीर्घकालीन (चालू) वापर'. हवं तेच मिळालं! कोड असलेले रुग्ण एका गटात, नसलेले दुसऱ्यात, रिग्रेशन चालवलं, ऑड्स रेशो आला, झाला पेपर.

जरा थांबा. हा कोड तुमच्या प्रश्नासाठी जन्मालाच आलेला नाही.

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम ही कोडपद्धत लागू आहे आणि मिमिकमधले कोड हे बिलासाठी लावलेले कोड आहेत. डिस्चार्जनंतर कोडर केसपेपर वाचतो आणि डॉक्टरांनी जे लिहिलंय त्यावरून कोड देतो. डॉक्टरांनी लिहिलं नाही, तर कोड नाही. म्हणजे 'कोड नाही' याचा अर्थ 'अँटिबायोटिक नव्हतं' असा होत नाही. तुमच्या तुलनेच्या गटात औषध घेणारे किती जण लपलेत, हे तुम्हाला दिसतच नाही.

दुसरी अडचण 'दीर्घकालीन' या शब्दाची. नियमावली सांगते की उपचारासाठी किंवा प्रतिबंधासाठी औषध सतत चालू असेल तर झेड७९ गटातला कोड द्या; साध्या ब्राँकायटिससाठीच्या छोट्या कोर्सला देऊ नका. पण सीमारेषा किती दिवसांची, ते सांगत नाही. औषध कोणतं, डोस किती, कशासाठी, यातलंही काही कोडात नाही. संधिवाती हृदयविकारासाठी दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेणारी मुलगी, मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन घेणारा तरुण, वारंवार लघवीचा संसर्ग होतो म्हणून रोज एक गोळी घेणाऱ्या आजी, सगळे एकाच खात्यात! यांच्यातला प्रतिकाराचा धोका सारखा असेल, असं तुम्हाला खरंच वाटतं का?

आणि सगळ्यात घातक अडचण काळाची. मिमिकमध्ये निदानाचा कोड अख्ख्या भरतीला चिकटलेला असतो. ते निदान कोणत्या दिवशी झालं, हे त्या तक्त्यात नसतं. आता असा रुग्ण घ्या : हाडाचा संसर्ग घेऊन आला, जंतू प्रतिकारक निघाला, सहा आठवडे शिरेतून औषध चालू ठेवायचं ठरवून घरी सोडला. त्यालाही झेड७९.२ लागू शकतो. तुम्ही लिहिणार, 'औषधामुळे प्रतिकार'. प्रत्यक्षात प्रतिकारक संसर्गामुळे औषध लांबलं. बाण उलटा फिरला, आणि पी-व्हॅल्यू तुम्हाला हे कधीच सांगणार नाही. असा निष्कर्ष वाचून कुणी त्या पेनिसिलिनवाल्या मुलीचं इंजेक्शन थांबवलं, तर तिच्या हृदयाच्या झडपांची किंमत कोण देणार?

परिणामाच्या बाजूलाही तेच दुखणं आहे. प्रतिकाराचे झेड१६ हे कोडसुद्धा डॉक्टरांच्या नोंदीवर अवलंबून असतात. नुसत्या लॅब रिपोर्टवरून कोडरने निदान ठरवायचं नसतं. म्हणजे तुम्ही एका गळक्या मापाची तुलना दुसऱ्या गळक्या मापाशी करताय.

मग करायचं काय? कोड फेकून देऊ नका, त्याला त्याच्या जागी ठेवा. रुग्ण शोधायला तो चालेल, 'एक्सपोजर' मोजायला नाही. प्रतिकार मायक्रोबायोलॉजीच्या तक्त्यातून घ्या. तिथे नमुना कधी घेतला ते असतं. औषध प्रिस्क्रिप्शनच्या तक्त्यातून घ्या, सुरू झाल्याच्या वेळेसकट. तो तक्ता रुग्णालयातल्या औषधांचा आहे हे विसरू नका. घरी चालू असलेल्या औषधांसाठी इमर्जन्सी विभागाची वेगळी यादी आहे. नमुन्याच्या आधी सुरू झालेलं औषध तेवढंच मोजा. जुन्या भरतींसाठी आयसीडी-९ मधला व्ही५८.६२ शोधायला विसरू नका, नाहीतर २०१५ आधीचे सगळे रुग्ण 'औषध नाही' मध्ये जातील. आणि पन्नासेक डिस्चार्ज समरी स्वतः वाचा. कोड आणि कागद किती वेळा जुळतात, तो आकडा पेपरात द्या.

हाच कोड भारतातल्या रुग्णालयाच्या डेटात शोधणार असाल तर आणखी एक गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये झेड७९.२ नाहीच. तिथे अशी औषधं झेड९२.२ या 'इतर औषधं' च्या गाठोड्यात जातात. शोधून शून्य आलं, तर 'आपल्याकडे कुणी दीर्घकाळ अँटिबायोटिक घेतच नाही' असं लिहून मोकळे होऊ नका.

कोणताही कोड वापरण्याआधी एवढंच विचारा : हा कुणी लिहिला, कधी लिहिला, आणि न लिहिल्याने कुणाचं काही अडलं असतं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर त्या रकान्यातल्या शून्यावर विश्वास ठेवू नका.