चित्रतुरग आणि बुडबुडा

मराठी विश्वकोशात ‘द्रायुयामिकी’ अशी एक नोंद आहे. ‘द्रव’ आणि ‘वायू’ जोडून ‘द्रायू’ हा शब्द घडवला. जे जे वाहते ते सारे त्यात आले. परिभाषा घडवणाऱ्यांवर बोजडपणाचा आरोप आपण नेहमी करतो, पण हा शब्द मला ‘फ्लुइड’पेक्षा बोलका वाटतो. तरीही तो अभियांत्रिकीच्या वर्गात फारसा रुजला नाही आणि साहित्याच्या वर्गापर्यंत तर पोचलाच नाही. शब्द कोशात राहिला की त्यामागचा विचारही समीक्षेच्या कक्षेबाहेर राहतो. द्रव आणि वायू एकत्र वाहतात तेव्हा त्या प्रवाहाचे संगणकावर जे सदृशीकरण, म्हणजे सिम्युलेशन, केले जाते, ते मला इथे साहित्याच्या वाचकाच्या नजरेने तपासायचे आहे. माझे म्हणणे एवढेच, की ही एक अनुकृती आहे आणि अनुकृती वाचण्याची जी शिस्त आपल्या काव्यशास्त्राने घालून दिली ती इथेही उपयोगी पडते.

मी अंबाजोगाईचा. मुकुंदराजांचे आणि दासोपंतांचे हे गाव. एकाचा ग्रंथ ‘विवेकसिंधु’, दुसऱ्याचा ‘गीतार्णव’. ग्रंथांच्या नावांत समुद्र आणि भोवती टंचाईचा मुलूख. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, कारण धनेगावचे मांजरा धरण आटले होते. अशा मुलखात पाण्याविषयी कोणी चित्र दाखवून काही सांगू लागले, तर ते चित्र कसे तयार झाले हे विचारणे निव्वळ बौद्धिक हौस राहत नाही.

गुऱ्हाळातली काहील डोळ्यांसमोर आणा. रस उकळतो, त्यातून वाफ सुटते, वर मळीचा फेस येतो. साखर कारखान्याच्या पॅनमध्ये पाक, वाफेचे बुडबुडे आणि साखरेचा दाणा अशा तीन प्रावस्था एकत्र नांदतात. गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकतो, गोळी चाचपतो आणि निर्णय देतो. संगणकाकडे बोटे नाहीत. तो जागेचे बारीक घन पाडतो आणि प्रत्येक घनातील वस्तुमान, वेग व उष्णता यांचा जमाखर्च क्षणाक्षणाने मांडत जातो. दोन मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा नीट दिसावा म्हणून त्याच्या व्यासात वीस घन बसवायचे ठरवले, तर प्रत्येक घन ०.१ मिलिमीटरचा होतो. मग एका घनमीटरला एक लाख कोटी घन लागतात, आणि तेही प्रत्येक क्षणाला नव्याने सोडवायचे. एवढा हिशेब रोजच्या कामात परवडत नाही. तेव्हा काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे ठरवावे लागते. समीक्षेचे काम इथूनच सुरू होते.

गाळण्याच्या मुख्य रीती तीन. हर्ट आणि निकोल्स यांनी १९८१ साली मांडलेल्या रीतीत प्रत्येक घनाचा कितवा हिस्सा द्रवाने भरला आहे, ही शून्य ते एक यांमधली संख्या सांभाळतात आणि तिच्यावरून सीमारेषा ताडतात. दुसऱ्या रीतीत एकेका बुडबुड्याच्या पाठोपाठ जातात. तिसरीत द्रव आणि वायू हे एकमेकांत शिरलेले दोन सलग प्रवाह मानून त्यांची सरासरी घेतात. कादंबरीच्या वाचकाला ही भाषा परकी नाही. पहिला निवेदक काठावर बसून सीमा न्याहाळतो, दुसरा पात्राचे बोट धरून चालतो, तिसरा गावाची खानेसुमारी करतो. खानेसुमारीत माणूस हरवतो, तसा या तिसऱ्या रीतीत बुडबुडा हरवतो. मोठ्या यंत्रांसाठी तर बहुधा हीच रीत वापरावी लागते.

हरवलेल्याची भरपाई सूत्रांनी करतात. बुडबुड्याला द्रव किती अडवतो, बाजूला किती ढकलतो, खळबळीने तो किती विखुरतो, हे सारे बाहेरून पुरवावे लागते. या प्रांतात महाराष्ट्राचे काम मोलाचे आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे ज्येष्ठराज जोशी यांनी बुडबुड्यांच्या स्तंभांवर दीर्घकाळ संशोधन केले. मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील विवेक रानडे यांचे रासायनिक अभिक्रियापात्रांतील प्रवाहांच्या संगणकीय प्रतिमानांवरचे इंग्रजी पुस्तक २००२ साली आले. दोघांनी मिळून २००३ साली जो आढावा लिहिला, त्याच्या शीर्षकातच अपेक्षा, सद्यस्थिती आणि पुढची वाट असे तीन टप्पे वेगळे ठेवले आहेत. अपेक्षा आणि स्थिती यांत अंतर आहे हे शीर्षकातच मांडणारी ही वृत्ती मला समीक्षकाची वाटते.

प्रचारपत्रकांत आणि सादरीकरणांत मात्र हे अंतर पुसले जाते. तांबड्या-निळ्या रंगांचे गुळगुळीत चित्र पडद्यावर येते आणि पाहणारा त्याला छायाचित्र समजतो. इथे शंकुकाची आठवण होते. रंगमंचावरचा नट पाहताना होणारे ज्ञान चित्रातला घोडा पाहताना होणाऱ्या ज्ञानासारखे असते, असे त्याने म्हटले: ते खरे नव्हे, खोटे नव्हे, संशय नव्हे आणि निव्वळ सादृश्यही नव्हे. संगणकावरच्या बुडबुड्याकडे याच नजरेने पाहावे. तो खोटा नाही, पण पाहिलेलाही नाही. तो अनुमित आहे.

भट्टतौताने शंकुकावर घेतलेला आक्षेप तर इथे अधिकच बोचतो. मूळ राम कोणी पाहिलेलाच नाही, मग ही त्याची अनुकृती हे कशावरून? उकळत्या पॅनच्या आत तरी कोणी पाहिले आहे? पाक अपारदर्शक असतो. जे मोजता येते ते थोडे, आणि तेही ठराविक जागी. त्या मोजक्या आकड्यांशी जुळेपर्यंत सूत्रांतले स्थिरांक फिरवले, तर जुळणी होते. पण जुळवलेले आणि जुळून आलेले यांत फरक आहे.

यावर कोणी म्हणेल, मग प्रत्यक्ष प्रतिकृतीच बरी. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात, ज्याची सुरुवात १९१६ सालची, धरणांच्या लहान प्रतिकृतींवर पाणी सोडून अभ्यास होत आला आहे. पण धरण लहान केले तरी पाण्याचा पृष्ठताण लहान होत नाही. म्हणून सांडव्यावरून कोसळणारे पाणी किती हवा ओढून घेते, हे लहान प्रतिकृती नेमके सांगत नाही. तोही चित्रतुरगच, फक्त त्याच्या अंगावर खरे पाणी वाहते.

शंकुकाची उपमा एका ठिकाणी मात्र तुटते. चित्रातल्या घोड्यावर कोणी बसत नाही. या घोड्यावर बसायचे असते. सांडवा बांधायचा असतो, पॅन चालवायचा असतो. म्हणून असे चित्र समोर आले की साहित्याच्या वाचकानेही तीन प्रश्न विचारावेत: निवेदक कोणता निवडला, काय गाळले, आणि उत्तर आधी माहीत नसताना ते कोणत्या मोजमापाशी ताडून पाहिले?

ही उत्तरे आता कुलूपबंद राहिलेली नाहीत. ‘ओपनफोम’ ही आज्ञावली २००४ पासून खुली आहे आणि मुंबईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ प्रकल्प तिचा प्रसार करतो. तालुक्याच्या महाविद्यालयातला विद्यार्थी तिच्यातले प्रत्येक सूत्र उघडून पाहू शकतो. अडचण आहे ती त्याला ते सूत्र मराठीत, गाळलेल्या गोष्टींसकट, समजावून सांगणाऱ्या गद्याची. ‘द्रायू’ हा शब्द आपण घडवला. त्याला वाक्यात बसवायचे काम अजून बाकी आहे.