कोल्हापूरचा सागरदेव

कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात वीतभरही उंची नसलेली एक कांस्यमूर्ती आहे. दाढी राखलेला, विवस्त्र, भरदार छातीचा एक पुरुष शरीराचा भार एका पायावर टाकून उभा आहे. त्याचा एक हात वर उचललेला असून त्या हाताची मूठ रिकामी आहे. हा ग्रीकांचा सागरदेव पोसायडन होय. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी नामक टेकाडात हा देव सुमारे अठराशे वर्षे मातीत निजला होता. राजाराम महाविद्यालयाचे प्रा. कुंदणगार यांच्या परिश्रमाने तेथील कांस्यवस्तूंचा साठा उजेडात आला, आणि पाठोपाठ १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनी त्या टेकाडाचे रीतसर उत्खनन केले. पुढे १९६० साली कार्ल खंडालावाला यांनी आणि १९९१ साली रिचर्ड डी प्यूमा यांनी या वस्तूंची बारकाईने छाननी केली. या सर्व विद्वानांचे ऋण आम्हांस मान्य आहे. तरीही आमची एक तक्रार आहे, आणि ती मांडण्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला आहे.

तक्रार अशी की, गेल्या पाऊणशे वर्षांत या मूर्तीचा उल्लेख जेथे जेथे झाला तेथे तेथे ती साक्षीदार म्हणून उभी केली गेली. सातवाहनकाळी दक्षिणेचा रोमशी व्यापार होता काय? होता, पाहा हा पोसायडन! मद्याचे कुंभ, नाण्यांच्या ठशांच्या मातीच्या प्रतिकृती आणि हा देव यांना एकाच यादीत, एकाच क्रमाने बसविले जाते. साक्षीदाराची साक्ष एकदा नोंदली गेली की त्याच्या चेहऱ्याकडे कोण बघतो? मूर्ती ही प्रथम मूर्ती आहे, मग पुरावा आहे, ही साधी गोष्ट आमच्या इतिहासलेखनाने नजरेआड केली आहे. ती कशी दिसते, तिच्या घडणीमागे कोणती परंपरा आहे, आणि मुख्य म्हणजे आमच्या शिल्पकारांनी तिच्यापासून काय घेतले व काय सोडले, हे प्रश्न फारसे कोणी विचारलेले नाहीत.

आमच्यापुरता हा प्रश्न प्रथम एका विद्यार्थ्याने विचारला. देवणीकडच्या काही मुलांना घेऊन आम्ही कोल्हापूरला गेलो होतो. त्या रिकाम्या मुठीत पूर्वी त्रिशूळ असला पाहिजे, असे आम्ही सांगताच त्यांतला एक जण म्हणाला, “सर, मग हा आपला महादेवच की!” बाकीची मुले हसली, परंतु तो मुलगा अगदीच चुकला नव्हता. त्याच्या गावाचे नाव ज्या गोवंशामुळे सर्वदूर गेले त्या देवणी वळूची आठवण आम्ही त्याला करून दिली आणि सांगितले की, पोसायडनलाही वळू प्रिय आहे. क्रीटचा राजा मिनोस याच्यासाठी त्याने समुद्रातून एक शुभ्र वळू वर पाठविला, अशी कथा आहे. त्रिशूळही आहे आणि वळूही आहे, तेव्हा आणखी काय हवे? कुशाण राजा विम कदफिस याच्या नाण्यांवर त्रिशूळधारी देव नंदीपुढे उभा राहिलेला दिसतो. त्याच्या आधी वायव्येकडील ग्रीक व शक राजांच्या नाण्यांवर त्रिशूळधारी पोसायडन येऊन गेलेला आहे. एवढ्यावरून एकाने दुसऱ्यापासून त्रिशूळ उसना घेतला, असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. आम्हांस तो मोह आवरावासा वाटतो. पोसायडनचा त्रिशूळ हे मुळात भूमध्यसमुद्रावरच्या कोळ्याचे मासे भोसकण्याचे हत्यार आहे. शिवाच्या त्रिशुळाला त्या कोळ्याच्या होडीचा वास येत नाही. नाण्याच्या ठशात दोन आकृती सारख्या दिसल्या म्हणून दोन देवांचे गोत्र एक होत नाही.

त्रिशूळ गळून पडल्यावर मागे काय उरते, हा खरा कलाविषयक प्रश्न आहे. अथेन्सच्या राष्ट्रीय पुराणवस्तुसंग्रहालयात दोन मीटरांहून अधिक उंचीचा एक कांस्यपुतळा आहे. आर्टेमिसियन भूशिराजवळच्या समुद्रातून १९२६ ते १९२८ या काळात तो वर काढण्यात आला. त्याची घडण ख्रिस्तपूर्व ४६० च्या आसपासची मानतात. पाय फाकलेले, दोन्ही बाहू पसरलेले, उजवा हात काही तरी फेकण्यासाठी मागे खेचलेला. ते ‘काही तरी’ मात्र समुद्राने परत दिले नाही. तो विद्युत्पात असेल तर हा झ्यूस, आणि त्रिशूळ असेल तर पोसायडन! हातात त्रिशूळ कल्पिला तर तो देवाच्या चेहऱ्याआड येईल, म्हणून हा झ्यूसच, असे अनेक तज्ज्ञ म्हणतात. हा वाद मिटो वा न मिटो. आम्हांस त्यातून एवढेच दिसते की, ग्रीक शिल्पकाराने जलाच्या देवाला जे शरीर दिले त्यात जलाचा अंश जवळजवळ नव्हता. दोघे भाऊ, दोघांची छाती सारखीच रुंद, दाढी सारखीच दाट. पुढे पुढे शिल्पकारांनी पोसायडनचे केस जरा ओले, जरा विस्कटलेले दाखविले, कपाळावर थोडी अस्वस्थता आणली. परंतु मूळ कल्पना तीच राहिली. जल म्हणजे शक्ती, आणि शक्ती म्हणजे पुरुषाचा बाहू.

ही शक्ती कोणत्या जातीची होती हे ग्रीक पुराणांनी लपविलेले नाही. अथेन्स नगरीच्या स्वामित्वासाठी पोसायडन आणि अथीना यांच्यात स्पर्धा लागली. त्याने त्रिशुळाने खडकावर घाव घातला आणि पाणी काढले; पण ते खारे निघाले. तिने ऑलिव्हचे झाड लावले, आणि नगरी तिची झाली. हाच प्रसंग पार्थेनॉनच्या पश्चिमेकडील त्रिकोणी दर्शनी भागात कोरलेला होता. ख्रिस्तपूर्व ४३८ ते ४३२ या काळातले ते काम आज भग्न झाले आहे. १६७४ साली केलेल्या रेखाटनांवरून त्याची मूळ रचना कळते. दोन्ही देवता मध्यापासून विरुद्ध बाजूंना झटक्याने मागे सरतात, जणू त्यांच्यामध्ये जमीनच दुभंगली आहे. त्या पोसायडनच्या धडाचा काही भाग लंडनमध्ये आहे आणि काही अथेन्समध्ये. हरलेल्या देवाची अशी वाटणी व्हावी हेही एक नशीबच. दुसरी एक कथा याहून कठोर आहे. आर्गोसची भूमी हेराला मिळाली म्हणून रागावलेल्या पोसायडनने तेथल्या नद्या आटवून टाकल्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला येत असताना ज्यांनी रात्र रात्र घागरी रांगेत ठेवल्या, त्यांना ही कथा समजावून सांगण्याची गरज नाही. आटवून टाकणारा देवही जलाचाच देव असतो, हे मांजरेच्या खोऱ्यात राहणाऱ्या माणसास ग्रीकांकडून शिकावे लागत नाही.

आता कोल्हापूरच्या मूर्तीकडे परत येऊ. येथे घाव नाही, फेक नाही. उंचावलेला हात प्रहारासाठी उचललेला नसून त्रिशुळाच्या दांड्यावर टेकलेला असणार. युद्ध संपले आहे आणि विजेता विसावला आहे, असा हा पवित्रा आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील लिसिपस या शिल्पकाराने विसावलेल्या पोसायडनची कल्पना रूढ केली असे मानतात. एक पाय खडकावर ठेवून त्रिशुळावर रेललेला तो देव पुढे अनेक प्रतिकृतींतून भूमध्यसमुद्राभोवती पसरला. ख्रिस्तपूर्व ३०६ मध्ये सायप्रसजवळच्या आरमारी लढाईत विजय मिळविणाऱ्या डेमेट्रियस राजाने आपल्या नाण्यांवर हा देव आणला. नंतर बॅक्ट्रियाचा राजा अँटिमॅकस याने त्रिशूळ आणि ताडाची फांदी घेतलेला पोसायडन आपल्या चांदीच्या नाण्यांवर उभा केला. बॅक्ट्रियाला समुद्र नाही! एखाद्या नदीवरच्या विजयाची ती खूण असावी, असा तर्क करतात. तर्क खरा असो वा नसो, समुद्रापासून दूर गेलेला सागरदेव तेथे राजसत्तेचे चिन्ह होऊन बसला, एवढे मात्र निश्चित. सह्याद्री ओलांडून कोल्हापुरास आलेली आमची मूर्ती त्याच वाटेने, म्हणजे विश्रांतीच्या त्या ऐटीने, आली आहे. ती पाहताना भीती वाटत नाही. वाटलाच तर थोडासा परकेपणा वाटतो.

युरोपात या देवाचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगावे लागेल, कारण ते बरेचसे ठाऊक आहे. ओस्तिया येथील रोमी स्नानगृहाच्या काळ्या-पांढऱ्या फरसबंदीवर तो मत्स्यपुच्छ अश्वांना हाकीत धावतो. तेथे निदान रेषांना तरी लाटेची लय आहे. सोळाव्या शतकात बोलोन्याच्या चौकात जांबोलोन्याने त्याला कारंज्यावर चढविले. १६२२-२३ च्या सुमारास बर्निनीने त्याला ट्रायटनसह एका कार्डिनलच्या उद्यानातील तळ्यावर उभे केले. त्रिशूळ खाली रोखलेला, वस्त्र वाऱ्याने फुललेले, ट्रायटनच्या शंखातून खरेखुरे पाणी उसळावे अशी योजना. ग्रीकांना जे साधले नव्हते ते या इटालियन माणसाने साधले, असे आमचे मत आहे. त्याने देवाच्या शरीरात पाणी शोधले नाही, शरीराखाली पाणी ठेवले. ते शिल्प आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात तळ्याविना, कोरडेच उभे आहे.

या सगळ्या शोभायात्रेतून दख्खनच्या कारागिरापर्यंत काय पोहोचले? आमच्या विषयाचा गाभा येथे आहे, आणि त्याचे उत्तर कोल्हापुरापेक्षा तेर येथे अधिक स्पष्ट मिळते. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तातले तगर. तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातील पांढऱ्या चिकणमातीच्या पोकळ मूर्ती पाहाव्यात. पुढचा एक आणि मागचा एक अशा दोन साच्यांतून त्या काढलेल्या आहेत. हे तंत्र पश्चिमेकडून आले, असे जाणकार मानतात. रोमी नाण्यांचे ठसे मातीत उठवून त्यांना भोके पाडून गळ्यात घालण्याचे दागिनेही येथे आणि कोंडापूरसारख्या ठिकाणी होत. म्हणजे आमच्या कारागिराने साचा घेतला. रोमी सम्राटाचा मुखवटा घेतला आणि त्याचे पदक केले. सागरदेव मात्र घेतला नाही. पोसायडनची एखादी दख्खनी नक्कल, एखादी मातीची बाहुली, आमच्या पाहण्यात नाही. कारागिराची नजर परदेशी मालाला बिचकत होती, असे यावरून म्हणता येणार नाही. त्याने निवड केली, असेच म्हणावे लागते.

ती निवड कशाच्या बळावर झाली ते वेरुळास गेल्यावर थोडेसे उमगते. काळ पुढचा आहे, हे खरे. परंतु वृत्ती तीच आहे. एकविसाव्या लेण्याच्या दर्शनी भागी मकरावर उभी असलेली गंगा पाहा. तिच्या हातात शस्त्र नाही, दंडात स्नायू नाही. मान, कटी आणि गुडघा यांतून एकच वळण खाली उतरते, आणि दगड वाहतो आहे असे वाटते. तिला ओळखण्यासाठी मकर नसता तरी चालले असते, असे म्हणणे थोडे अतिशयोक्तीचे होईल. पण फार थोडे. ग्रीकाने जलाची शक्ती घडविली, आमच्या शिल्पकाराने जलाची गती घडविली. आमच्याकडे वरुण होता. पण सम्राटाच्या पदावरून उतरून तो पश्चिमेचा दिक्पाल झाला आणि मंदिराच्या भिंतीवर आठांतला एक म्हणून पाश धरून बसला. आणि खेड्यात तर जलदेवतेला चेहराही उरला नाही. विहिरीच्या कडेला शेंदूर फासलेले सात दगड म्हणजे सात आसरा. शिल्प म्हणून त्यांत काहीच नाही, परंतु ज्या बाईला त्या विहिरीचे पाणी भरावयाचे असते तिला ते पुरते.

येथे आमच्याच मताविरुद्ध एक गोष्ट नोंदविणे प्रामाणिकपणाचे होईल. ग्रीकांकडेही नद्यांचे देव होते, आणि रोमी शिल्पांत नील व टायबर या नद्या कुशीवर रेललेल्या, भरलेल्या समृद्धिशृंगासह दिसतात. पिण्याच्या, पिकविण्याच्या पाण्याचे दैवत त्यांना ठाऊक नव्हते असे नव्हे. ते दैवत गलबतावर चढून आमच्याकडे आले नाही, इतकेच. जो आला तो खलाशांचा आणि व्यापाऱ्यांचा देव होता, खाऱ्या पाण्याचा. गोड्या पाण्याच्या शोधात असलेल्या पठारावर त्याला ऐपतदार माणसाच्या घरात जागा मिळाली. देव्हाऱ्यात मिळाली नसावी.

ब्रह्मपुरीच्या त्याच साठ्यात एक वर्तुळाकार कांस्यफलक मिळाला असून त्यावर पर्सियस आणि अँड्रोमेडा यांची आकृती आहे. अँड्रोमेडाच्या आईने जलकन्यांहून स्वतःस सुंदर म्हटले, म्हणून पोसायडनने एक सागरी राक्षस सोडला, आणि त्या राक्षसाच्या तोंडी देण्यासाठी मुलीला खडकास बांधण्यात आले. तिला सोडविणारा तो पर्सियस. म्हणजे पंचगंगेच्या काठी एकाच ठिकाणी देवही सापडला आणि त्याच्या कोपातून सुटलेली मुलगीही! हे दोन्ही नग एकाच मालकाने जाणून घेतले होते की केवळ धातूच्या मोलाने, हे त्या टेकाडालाच माहीत. उलट दिशेला गेलेल्या एका मूर्तीची हकीकतही अशीच आहे. पाँपेई नगरीत १९३८ साली एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. तेरच्या संग्रहालयात तिच्याशी फार जवळचे साम्य असलेली दुसरी मूर्ती आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गडप होण्यापूर्वी ती पाँपेईकराच्या घरात एखाद्या तिवईचा किंवा आसनाचा पाय म्हणून उभी असावी, असे तिच्या डोक्यातील भोकावरून अनुमान करतात. यक्षी म्हणून तिला तेथे कोणी ओळखले नसेल. दागिन्यांनी मढलेली ती पूर्वेकडची बाई मात्र त्या घरच्या पाहुण्यांना आवडली असली पाहिजे.