दीर्घकालीन वार्धक्य-अभ्यासातील जैविक मापके : एक चिकित्सक आकलन

प्रस्तावना :
वृद्धांच्या आरोग्याविषयीची आपल्याकडील बरीचशी माहिती प्रश्नावलीतून आलेली आहे. ‘प्रकृती कशी आहे?’ या प्रश्नाला ‘वयोमानाप्रमाणे बरी आहे’ असे उत्तर मिळते आणि तेच आकडेवारीत जमा होते. या पद्धतीची मर्यादा ओळखून दीर्घकालीन अभ्यासांनी प्रश्नांच्या जोडीला शरीराची प्रत्यक्ष मोजमापे घेण्यास प्रारंभ केला. इंग्लंडच्या अभ्यासात २००४-०५ मध्ये परिचारिका घरोघरी गेल्या; अमेरिकेच्या १९९२ पासून चालू असलेल्या अभ्यासात २००६ पासून रक्तनमुने व शारीरिक चाचण्यांचा समावेश झाला. ‘भारतातील वार्धक्याचा दीर्घकालीन अभ्यास’ अर्थात ‘लासी’ने मात्र २०१७-१८ च्या पहिल्याच फेरीत ही मोजमापे घेतली. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे सामर्थ्य व मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

मोजमापाची आवश्यकता :
अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील लेखात एक विसंगती निदर्शनास आणली. सर्वाधिक आयुर्मान असलेल्या केरळात लोक आजारपण अधिक सांगतात, तर आयुर्मान कमी असलेल्या बिहारात ते कमी सांगतात. शिक्षण व वैद्यकीय सेवा यांमुळे आजाराची जाणीव वाढते; जेथे या सोयी नाहीत तेथे दुखणे हे वयाचे भोग मानले जाते. केवळ सांगण्यावर विसंबून धोरण आखल्यास निधी उपेक्षितांपर्यंत पोहोचणार नाही. जैविक मापकांचे खरे समर्थन येथे आहे.

‘लासी’ची पद्धती :
मुंबईच्या आंतरराष्ट्रीय जनसंख्या विज्ञान संस्थेने हार्वर्ड व सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या सहकार्याने हा अभ्यास हाती घेतला. ४५ वर्षांवरील व्यक्ती व त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जणांचा त्यात समावेश झाला. उंची, वजन, रक्तदाब, मुठीची पकड, चालण्याचा वेग, फुप्फुसांची क्षमता व दृष्टी यांची नोंद झाली. बोटाला टोचून घेतलेले रक्ताचे थेंब गाळणकागदावर वाळवून जतन केले गेले. शीतसाखळीवाचून दुर्गम गावातून नमुने आणता येणे हा या तंत्राचा मोठा लाभ होय. परंतु दमट हवा, अपुरा थेंब व वाळवण्यातील दिरंगाई यांचा परिणाम निष्कर्षांवर होतो. शिवाय शिरेतील रक्ताच्या चाचणीशी हे आकडे थेट जुळत नाहीत. त्यांचे समायोजन करावे लागते.

चिकित्सा :
पहिला प्रश्न निकषांचा आहे. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये पुरुषांसाठी २८ व स्त्रियांसाठी १८ किलोग्रॅमपेक्षा कमी पकड ही स्नायुदौर्बल्याची खूण ठरवली. युरोपीय निकष अनुक्रमे २७ व १६ असा आहे. जन्मभर अर्धपोटी राहून शेतमजुरी केलेल्या स्त्रीची पकड १५ भरली, तर ते वार्धक्य की आयुष्यभराचे कुपोषण? एका मोजमापातून शक्ती किती आहे ते कळते, किती घटली ते कळत नाही. म्हणूनच तीच चाचणी त्याच व्यक्तीवर पुन्हा होणे हा अशा अभ्यासाचा प्राण आहे.

दुसरा प्रश्न वगळल्या गेलेल्यांचा आहे. अंथरुणाला खिळलेली व्यक्ती चालण्याची चाचणी देऊ शकत नाही. मोजलेल्यांचीच सरासरी काढल्यास समाज आहे त्याहून सुदृढ दिसतो.

तिसरा प्रश्न नैतिक आहे. निरक्षर वृद्धाचा अंगठा घेतला म्हणजे संमती मिळाली, असे मानणे पुरेसे नाही. रक्तदाब जागच्या जागी कळतो. पण तो वाढलेला आढळल्यावर जवळच्या आरोग्य केंद्रात औषध नसेल, तर त्या आकड्याचा लाभ संशोधकाला होतो, वृद्धाला नव्हे.

निष्कर्ष :
जैविक मापके सांगण्यातील उणीव भरून काढतात. परंतु वेदना, एकाकीपणा व परावलंबन यांना कोणतेही उपकरण लागू पडत नाही. त्यामुळे मापन व कथन परस्परपूरकच मानावे लागतील. भारतीय देहयष्टीला अनुरूप निकष, सातत्यपूर्ण फेऱ्या, अनुपस्थितांची स्वतंत्र नोंद आणि मोजमापाला जोडलेली उपचारसेवा यांची पूर्तता झाल्यासच हे मोजमाप ज्यांचे घेतले, त्यांच्या उपयोगी पडेल.