बाटलीतला प्रयोग काय दाखवत नाही

तंबाखूचे दुष्परिणाम शिकवताना आपल्यापैकी अनेकांनी एक प्रयोग केला असेल. प्लॅस्टिकच्या बाटलीत कापूस भरायचा, तोंडाशी पेटती सिगारेट बसवायची आणि बाटली दाबत-सोडत राहायची. थोड्याच वेळात पांढरा कापूस तपकिरी होतो. वर्ग चिडीचूप! मीही हा प्रयोग बरीच वर्षे केला. एकदा एका मुलीने विचारले, "बाई, माझी आई मशेरी लावते. मशेरीला कुठे धूर असतो?" (भाजताना घरभर ठसका लागतो, हेही तिनेच सांगितले.) "तोंडाला वाईट असते," एवढे बोलून मी वेळ मारून नेली.

प्रयोग खोटा नाही, पण अपुरा आहे. कापसावर आपल्याला दिसते ते डांबर. शुद्ध निकोटिनला रंग नसतो, आणि रक्तात शिरायला त्याला धूरही लागत नाही. ते हिरड्यांतूनही शोषले जाते. बाटली पाहून मुलांची मात्र समजूत होते, की फुप्फुसाला इजा होते ती आत जाणाऱ्या हवेमुळेच. गर्भाचे काय? त्याच्या फुप्फुसात हवा जातच नाही. तरी आईच्या रक्तातले निकोटिन वारेतून त्याच्यापर्यंत पोचते. श्वासनलिकांना फाटे फुटण्याचे काम गर्भारपणाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास पुरे होते. नंतर नळ्या वाढतात, पण नवे फाटे फुटत नाहीत.

यावर एक रास्त शंका येते. सिगारेट ओढणारी आई बाळंतपणानंतरही ओढतच असेल, तर दोष नक्की कशाचा? १९९२ साली बॉस्टनमधल्या संशोधकांनी जेमतेम काही आठवड्यांच्या बाळांची तपासणी केली. ज्यांच्या आया गरोदरपणी सिगारेट ओढत होत्या, त्यांचा उच्छ्वासाचा वेग कमी भरला. पण धुरात निकोटिनखेरीज हजारो पदार्थ असतात. ही गाठ १९९९ साली अमेरिकेतच ऱ्हीसस माकडांवरच्या प्रयोगात बरीचशी सुटली. गाभण माद्यांना धूर नव्हे, नुसते निकोटिन दिले. पिलांच्या फुप्फुसांची वाढ खुंटली, श्वासनलिकांभोवती कोलॅजन जास्त साचले, आणि ज्या रेणूंना निकोटिन चिकटते त्यांची संख्याही वाढली.

म्हातारपणच्या दम्याशी याचा काय संबंध? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या रोगाचे सुमारे निम्मे रुग्ण असे निघाले, की त्यांच्या फुप्फुसांची क्षमता तरुणपणीच कमी होती. त्यांची घसरण इतरांसारखीच होती, सुरुवातच खालून झाली होती. या कमतरतेला कारणे अनेक. निकोटिन त्यांतले एक असू शकते. "आईने तंबाखू खाल्ली म्हणून मुलाला दमा झाला," असे एखाद्या मुलाकडे बोट दाखवून म्हणता येणार नाही. मशेरीबद्दल तर आणखी जपून बोलावे. मुंबईत १२१७ स्त्रियांच्या पाहणीत (२००४) धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले. पण त्यात मोजले होते ते वजन, श्वास नव्हे.

बाटली मी अजून वर्गात नेते. मात्र कापूस काळवंडला, की फळ्यावर चार शब्द लिहिते: हिरडी, रक्त, वार, गर्भ. मग विचारते, यात धूर कुठे आहे?